हुद्दारअण्णांचं लहान इंजिन

हुद्दारअण्णांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मला पाणी विचारायच्या आधी वजन विचारलं. मी पुण्याचा. त्यामुळे पाणी न विचारल्याचं मला काही वाटलं नाही, पण वजन विचारल्याचं वाटलं. "असेल पंच्याऐंशीच्या आसपास," मी म्हणालो. 'आसपास' हा शब्द त्या घरात चालत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अण्णांनी मला हाताला धरून जिन्याखाली नेलं. तिथे धान्याची पोती तोलायचा लोखंडी काटा होता. चामराजपेटेतल्या कुठल्याशा भुसार दुकानाने मोडीत काढलेला तो काटा अण्णांनी रिक्षात घालून आणला होता. त्यांनी मला चपला काढायला लावल्या, खिशातल्या किल्ल्या आणि फोन स्वतःच्या हातात घेतला आणि मला वर उभं केलं.

"एक्क्याण्णव," ते म्हणाले. "काटा खोटं बोलत नाही, पुणेकर. तुम्ही खालीच बरे."

"खाली म्हणजे?"

"जमिनीवर," अण्णा म्हणाले आणि मग आत वळून ओरडले, "शालन, च्या ठेव. साखर नको घालूस ह्यांना."

आम्ही बेंगळुरात, जे. पी. नगरात, त्यांच्या शेजारी नुकतेच राहायला आलो होतो. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. माझी बायको मुग्धा घरून काम करते, त्यामुळे शेजारपाजाराची खबर मला तिच्याकडूनच मिळते. "शेजारचे आजोबा खाली गाडीच्या जागेत विमान बांधतायत," असं तिने सांगितलं, तेव्हा ते नातवाचं खेळणं असेल असं मला वाटलं होतं. चहा पिऊन झाल्यावर अण्णांनी शटर वर केलं. आत खरंच विमान होतं. पंख भिंतीला टेकवून ठेवले होते, मध्ये नळ्यांचा सांगाडा, त्यावर शेजारी शेजारी दोन आसनं आणि मागच्या बाजूला इंजिनाची रिकामी जागा. अण्णांची गाडी कित्येक वर्षं बाहेर रस्त्यावर उन्हात उभी होती.

अण्णा मूळचे निपाणीचे. बेंगळुरात विमानाच्या कारखान्यात तीसेक वर्षं त्यांनी नोकरी केली. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी शालनअक्का म्हणाल्या होत्या, "तुम्ही केलेल्या विमानात मला एकदा बसवा." पण कारखान्यातली विमानं लढाऊ. त्यात बायकोला बसवायची सोय नसते. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी नळ्या कापायला घेतल्या.

घरी बांधलेलं हलकं विमान म्हणजे वजनाशी मांडलेलं भांडण. हे वाक्य माझं नाही, अण्णांचं आहे, आणि ते रोज म्हणायचे. "एक ग्रॅम म्हणजे एक ग्रॅम. ग्रॅमाला माफी नाही." त्यांच्याकडे पोत्यांच्या काट्याशिवाय सोनाराचा एक तराजूही होता. त्यावर ते बोल्ट तोलत. बोल्टचं नटाच्या बाहेर आलेलं टोक कापून, घासून परत तोलत. जिथे ताकद लागत नाही तिथे भोक पाडायचं, हा त्यांचा नियम. हळूहळू तो नियम घरातही शिरला. डावाच्या दांड्याला भोकं पडली, छत्रीच्या मुठीला पडली, दाढीच्या ब्रशला पडली. मुग्धाने एकदा आमटीचा डाव हातात घेऊन आश्चर्याने बघितलं, तर अक्का म्हणाल्या, "झाऱ्याला आधीच भोकं होती म्हणून तेवढा वाचला गं."

अक्का हसायच्या तेव्हा डोळे पुसायला पदर लागायचा, इतक्या हसायच्या. गोलमटोल, गोऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. बेळगावच्या कुंद्यावर त्यांचा फार जीव. डबा कपाटात कपड्यांच्या मागे ठेवलेला असायचा आणि अण्णांना तो कुठे आहे हे पक्कं माहीत असायचं.

इंजिन निवडायला अण्णांना तीन वर्षं लागली. लोक मुलीसाठी स्थळं बघतात तशी त्यांनी इंजिनं बघितली. दोन राहिली. एक मोठं, चार स्ट्रोकचं, शांत, भरवशाचं, पण वजनदार. दुसरं लहान, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू होणारं आणि कर्कश. ते गच्चीवर लाकडी घोडीला बांधून त्यांनी चालवून बघितलं, तेव्हा कॉलनीचे सेक्रेटरी धावत वर आले. "अण्णा, स्वल्प कमी माडी," ते कानावर हात ठेवून म्हणाले. अण्णांनी इंजिन बंद केलं, त्यांना सन्मानाने जिन्याखाली नेलं आणि काट्यावर चढवलं. एकशे चार. त्यानंतर सेक्रेटरींनी ज्या काही तक्रारी केल्या त्या पत्राने केल्या.

"मोठं का घेत नाही?" मी विचारलं होतं.

"मोठं घेतलं की त्याला धरायला जाड नळ्या आल्या. पेट्रोल जास्त, म्हणजे टाकी मोठी. टाकी मोठी, म्हणजे परत वजन. मग ते वजन उचलायला अजून मोठं इंजिन. ह्याला अंत आहे काय?" अण्णा म्हणाले. "लहान इंजिन प्रामाणिक असतं, पुणेकर. त्याला जेवढं जमतंय तेवढंच ते उचलतंय."

त्याला जमत होतं ते एवढं: विमान, पेट्रोल आणि एकशे अठरा किलो माणूस. अण्णा स्वतः त्रेसष्ट. उरले पंचावन्न. शालनअक्का एकसष्ट.

म्हणजे सहा किलो जास्त.

"सहा किलोसाठी इंजिन बदलायचं काय?" अण्णा मला म्हणाले. "दोन महिने भात सोडला की सहा किलो जातंय." मी मान डोलावली. नुसती डोलावली असती तरी ठीक होतं. पण मला फुकटची हुशारी दाखवायची खोड आहे. मी म्हणालो, "अण्णा, दर रविवारी वजन घेऊया. मी फोनवर आलेख काढतो. पंचावन्नला लाल रेघ मारतो." अण्णांना ते इतकं आवडलं, की त्यांनी मला साखर घातलेला चहा पाजला. लहान इंजिन घेतलं गेलं. पुढे मी अनेकदा विचार केला, की त्या दिवशी मी 'सहा किलोसाठी बायकोला उपाशी कशाला ठेवता, मोठं घ्या' असं ठासून म्हणालो असतो तर? अण्णा माझं ऐकत असत. मी म्हणालो नाही.

रविवारचा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी आठला अक्का काट्यावर चढायच्या. बांगड्या काढून, मंगळसूत्र काढून, एकदा तर जोडवीसुद्धा. अण्णा आकडा पुकारायचे, मी तो फोनवर टाकायचो. वजन अर्धा किलो जरी उतरलं तरी अण्णा अक्कांना मोगऱ्याचा गजरा द्यायचे. तो आधीच आणून शर्टाच्या खिशात ठेवलेला असायचा, पण द्यायचे अक्का खाली उतरल्यावर. वर असताना दिला तर गजऱ्याचं वजन धरलं जाईल ना.

पहिले दहा-अकरा महिने गजरे कमीच गेले. एकसष्ट, साडेसाठ, परत एकसष्ट. "अहो, दिवाळी हाय नव्हं," अक्का म्हणायच्या. "अहो, हुबळीहून आपली पोरगी आली होती, तिच्याबरोबर खावं लागतंय." आम्ही सगळे हसायचो. आलेखाची रेघ लाल रेघेच्या वर आरामात लोळत पडली होती.

पुढच्या गणपतीनंतर वजन उतरायला लागलं. साठ. अठ्ठावन्न. दसऱ्याला छप्पन्न. अण्णांचा चेहरा उजळला. "भात पण सोडला नाही बघा हिनं, तरी उतरायलंय," ते मला कौतुकाने सांगायचे. दर रविवारी गजरा. ज्या दिवशी रेघ पंचावन्नच्या खाली गेली, त्या दिवशी अण्णांनी दोन गजरे दिले आणि मी टाळ्या वाजवल्या. "अक्का, मलाही सांगा की तुमची युक्ती," असंही मी म्हणालो. अक्का हसल्या. पदर लागला नाही त्या दिवशी, नुसत्याच हसल्या.

घरी आल्यावर मुग्धा म्हणाली, "अरे, अक्का वाळल्यात. भात तर खातायत. मग उतरतंय कसं?"

"गच्चीचे जिने चढतात दिवसभर," मी म्हणालो.

माझ्या कामात आम्हाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. एखादा आकडा काहीही न करता आपोआप सुधारायला लागला, तर आनंद मानायचा नाही, तपासायचं. ऑफिसात मी ते रोज करतो. शेजारच्या घरात मी टाळ्या वाजवल्या.

विमानाचे कागद झाले, तपासणी झाली. एका पहाटे पंख सोडवून सगळा सरंजाम टेंपोत चढवला आणि शहराच्या उत्तरेला, द्राक्षमळ्यांच्या पलीकडे असलेल्या एका खासगी धावपट्टीवर नेला. वाटेत सिग्नलला हवालदाराने टेंपो थांबवला. "एनिदु?" त्याने पंखाकडे बोट दाखवून विचारलं. "विमान," अण्णा म्हणाले. हवालदाराने टेंपोला एक फेरी मारली. "सरी, होगी," तो जायची खूण करत म्हणाला आणि मागच्या रिक्षाकडे वळला. बेंगळुरात माणूस टेंपोतून काय काय नेतो, त्याचं कुणाला नवल नाही.

अण्णांनी विमान चालवायचं रीतसर शिक्षण आधीच घेतलं होतं. ठरलेले तास ते एकटे उडाले आणि जानेवारीतल्या एका सकाळी अक्कांची पाळी आली. त्या दिवशी अक्का त्रेपन्न किलो होत्या. मुग्धाचा पंजाबी ड्रेस त्यांनी घातला होता आणि तो त्यांना ढगळ होत होता. मुग्धाने माझ्याकडे बघितलं. मी कॅमेरा शोधत होतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. दोघांनी एकमेकांशी बोलता यावं म्हणून अशा विमानात कानावर लावायचे दोन संच आणि मध्ये एक डबी असते. विमान बांधतानाच अण्णांनी ती काढून टाकली होती. दीड किलो वाचलं होतं. "वर बोलायचं काय असतंय? चाळीस वर्षं खाली बोललोच की," असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी खरं तर दोन किलोची जागा शिल्लक होती, संच बसला असता. पण एकदा काढलेलं वजन परत चढवायचं अण्णांच्या जिवावर यायचं. दोघांनी कानात नुसते बोळे घातले. अण्णांनी दोरी ओढली. डोक्यामागे ते लहान इंजिन पेटलं आणि प्रामाणिकपणे दोघांना घेऊन वर गेलं.

दहा-बारा मिनिटं ते वर होते. उतरून अक्का माझ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. अण्णा वाकून एका सिलिंडरचं तापमान बघत होते. "अहो," अक्का त्यांना म्हणाल्या, "ऐकलंत ना मी वर काय सांगितलं ते?"

"हो, ऐकलं की," अण्णा मान वर न करता म्हणाले.

तीन आठवड्यांनी अक्का स्वयंपाकघरात पडल्या. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा मी बरोबर होतो. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून कमी होतंय?" लोक अशा वेळी 'तीन-चार महिने झाले असतील' असं काहीतरी सांगतात. अण्णांनी खिशातून कागद काढला. माझ्या आलेखाची छापील प्रत त्यांनी घडी घालून जवळ बाळगली होती. प्रत्येक रविवार, प्रत्येक आकडा, मध्ये माझी लाल रेघ. डॉक्टरांनी तो टेबलावर उलगडून बघितला. "इतकी व्यवस्थित नोंद कुणी आणत नाही," ते म्हणाले. तरुण होते बिचारे, त्यांनी कौतुकच केलं होतं. अण्णांनी कागद परत घेतला नाही. मीही घेतला नाही. तो टेबलावर तसाच राहिला.

अक्का पावसाळ्याच्या तोंडावर गेल्या.

त्यानंतर अण्णा आमच्याकडे येईनासे झाले. मुग्धा डबा नेऊन द्यायची, डबा धुऊन परत यायचा. मी जायचं टाळत होतो, हे कबूल केलं पाहिजे. गेलो तर जिन्याखालच्या त्या काट्यासमोरून जावं लागणार. मग एका शनिवारी अण्णांचाच फोन आला. "पुणेकर, उद्या धावपट्टीवर या की. काम आहे." विमान विकायचं असेल, गिऱ्हाइकाला इंग्रजीत काही समजवायचं असेल, असं धरून मी गेलो.

गिऱ्हाईक नव्हतं. पत्र्याच्या शेडबाहेर विमान उभं होतं, चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावलेले. अण्णांनी मला अक्कांच्या जागेवर बसायला सांगितलं.

"अण्णा, मी एक्क्याण्णव आहे."

"उडायचं नाही. नुसतं बसायचं आहे."

ते शेजारी बसले आणि मांडीवर वही उघडली. "वर ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. त्यांनी ते इंजिनातला बिघाड सांगावा तसं सांगितलं. "खाली आल्यावर तिनं विचारलं, तर मी हो म्हणालो. म्हटलं, आता काय परत विचारायचं, घरी गेल्यावर निघेलच विषय. दवाखान्यात ती दोनदा म्हणाली, 'मी वर सांगितलंय तसंच करायचं हं.' दोन्ही वेळेला मी हो म्हणालो. त्या वेळी कसं सांगणार मी, की ऐकलंच नव्हतं म्हणून? आता करायचं काय ते मला माहीत नाही, पुणेकर. कबूल करून बसलोय आणि काय ते माहीत नाही."

मी म्हणालो, "मुलीला विचारलंत?"

"विचारलं. तिला काही बोलली नाही. मुग्धाला पण विचारून झालं." त्यांनी वही माझ्यासमोर धरली. अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात पाचपन्नास वाक्यं होती. पाटल्या पोरीला द्या. निपाणीचं घर विकू नका. एकटे राहू नका. माझ्यामागं उपास करू नका. कुंदा आणा. "बोलताना ती कशी दिसत होती ते मला स्वच्छ आठवतंय. ओठ कधी मिटले, कधी उघडले, हात कुठं केला. आवाज तेवढा नाही. तुम्ही एकेक वाक्य म्हणा. इंजिन चालू असताना. मी बघतो कुठलं जुळतंय."

तीस वर्षं सुटे भाग तपासलेला माणूस. त्याला दुसरी रीत येत नव्हती.

त्यांनी दोरी ओढली. इतक्या जवळून ते इंजिन मी पहिल्यांदाच ऐकलं. कानात बोळे असूनही डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. मी वहीतलं पहिलं वाक्य ओरडून म्हटलं, ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. अण्णा माझ्या ओठांकडे बघत होते. मान हलली, नाही. दुसरं. नाही. दहा-बारा वाक्यं झाली. एकाला ते थांबले, परत म्हणायची खूण केली, मग तेही नाही.

मग मी वहीतलं वाचायचं सोडलं. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्या आवाजात काहीही बोललं तरी चालेल असं वाटलं म्हणून. मी म्हणालो, "अण्णा, अक्का वाळल्यात असं मुग्धा मला म्हणाली होती. दिवाळीतच म्हणाली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही. मी टाळ्या वाजवल्या."

अण्णांनी हात लांब करून इंजिन बंद केलं. पंखा दोन-तीन फेऱ्या फिरून थांबला.

"हे ते नव्हे," ते म्हणाले. "हे म्हणताना तुम्ही खाली बघत होता. ती माझ्याकडं बघत होती." मग म्हणाले, "हे वहीत नव्हतं. काय म्हणालात?"

'काही नाही, असंच' हे अगदी ओठावर आलं होतं. पण मी ते म्हणू शकलो नाही. इंजिन बंद असताना, शब्द न शब्द, मी सगळं परत सांगितलं. टाळ्यांचंही सांगितलं.

अण्णांनी समोर धावपट्टीकडे बघितलं. पलीकडे कुणीतरी गवत कापत होतं.

"मला पण म्हणाली होती मुग्धा," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आधी. दारात उभी राहून म्हणाली, अण्णा, अक्कांना एकदा डॉक्टरांना दाखवूया. मी हो म्हणालो."

मुग्धाने हे मला कधी सांगितलं नव्हतं. अजूनही तिने सांगितलेलं नाही.

अण्णांनी वहीत मी जिथवर आलो होतो त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "इथनं पुढं म्हणा," ते म्हणाले. "आणि माझ्याकडं बघून म्हणा." आणि त्यांनी परत दोरी ओढली.